तार काढा, दोरी बांधा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकांच्या पत्रांत मध्यंतरी एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं होतं. हल्लीच्या पिढीला साधी अक्कल राहिलेली नाही, सगळं मोबाइलला विचारून करतात, तेव्हा शाळेत व्यवहारज्ञानाचा वेगळा तास ठेवावा, असा त्यांचा सूर होता. गुरुजींचा मान राखून सांगतो, मला हे पटलं नाही. मी आधी विद्युत मंडळात आणि २००५ साली मंडळाच्या कंपन्या झाल्यावर महावितरणमध्ये वायरमन होतो. खांबांवर चढण्यात आणि लोकांच्या घरचे बोर्ड उघडण्यात आयुष्य गेलं. जुन्या पिढीला अक्कल होती आणि नव्या पिढीला नाही, असं काही मला त्या बोर्डांच्या आत दिसलं नाही. सत्तरीतले आजोबा पिनशिवाय उघड्या वायरी सॉकेटमध्ये काड्यापेटीच्या काड्या खोचून बसवतात. इंजिनिअर झालेला नातूही तेच करतो, फक्त तो टूथपिक वापरतो.

विजेनं माणूस मरतो हे माहीत नसलेलं कुणी मला आजवर भेटलेलं नाही. माहिती सगळ्यांना असते. हात पुढं करण्याआधी ‘इथं काही बिघडलं तर करंट कुठून कुठं जाईल?’ एवढं मनाशी विचारायचं असतं, ते राहून जातं. त्याला तास कशाला पाहिजे? पण ती सवय नसली की काय होतं, ते आपल्याच दैनिकाच्या आतल्या पानावर दर पावसाळ्यात छापून येतं. कपडे वाळत घालताना विजेचा धक्का बसून महिलेचा मृत्यू. पुष्कळदा खाली आणखी एक ओळ असते, वाचवायला गेलेला नवरा किंवा मुलगाही दगावला. गावाचं नाव तेवढं बदलतं.

ही बातमी वाचून लोक हळहळतात आणि पान उलटतात. तारेत करंट आला कुठून, हे कुणी विचारत नाही. मी अशी घरं पाहिली आहेत, म्हणून सांगतो. परसात लोखंडी तार बांधलेली असते. एक टोक पत्र्याच्या शेडच्या अँगलला, दुसरं भिंतीतल्या खिळ्याला किंवा न्हाणीघराच्या खांबाला. पुढं कधीतरी गोठ्यात बल्ब हवा म्हणून घरातून वायर काढली जाते. ती लोंबू नये म्हणून आयत्या असलेल्या ह्याच तारेला सुतळीनं जागोजागी बांधली जाते. दिसायला काम नीटनेटकं. मग चार उन्हाळे त्या वायरीवरून जातात, प्लास्टिक कडक होऊन तडकतं, वाऱ्यानं ती तारेवर घासत राहते आणि एका जागी आतलं तांबं लोखंडाला टेकतं. कधी खांबावरून आलेली सर्व्हिस वायर पत्र्याच्या कडेला घासून सोललेली असते. मग पूर्ण शेड आणि शेडला बांधलेली तार, दोन्ही जिवंत होतात. काही घरांत तर सर्व्हिस वायर ज्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) तारेवर तोललेली असते, तिच्यावरच टॉवेल टाकलेले मी पाहिले आहेत.

उन्हाळ्यात काही कळत नाही. जमीन कोरडी, कपडे उन्हात तासाभरात वाळलेले, पायात चपला. पाऊस पडला की अंगण ओलं, हातातलं लुगडं ओलं, पाय अनवाणी. करंटला जमिनीत जायला रस्ता लागतो, तो आपण उभा करून देतो. तारेवरच्या चिमणीला काही होत नाही, कारण तिचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. तिच्यातून पुढं जायला वाट नसते. आपण जमिनीवर उभे असतो. मरतात त्या बहुतेक बायका, कारण कपडे त्याच वाळत घालतात. ती चिकटली की घरातला माणूस धावतो आणि तिचा हात धरतो. त्या क्षणाला दुसरं काही सुचत नाही हे मला समजतं, म्हणूनच ते आधी ठरवून ठेवावं लागतं. अंगाला हात लावायचा नाही, मेन स्विच पाडायचा. मेन लांब असेल तर कोरडं लाकूड किंवा कोरड्या प्लास्टिकची खुर्ची घेऊन तार बाजूला ढकलायची. घरातल्या शाळकरी पोराला सुद्धा मेन कुठं आहे ते दाखवून ठेवलेलं असावं. आमच्याकडं मेन स्विचच्या पुढ्यात ज्वारीची पोती रचलेली असतात.

ह्या सगळ्यावर इलाज काय, तर नायलॉनची दोरी. किराणा दुकानात मिळते, किंमत सांगायला नको इतकी कमी. कामाला गेलो की मी परसातली तार बघायचो आणि दोरी बांधा म्हणायचो. एका मावशींनी मला सुनावलं होतं, “काय हुत न्हाई ओ वायरमनदादा, माझ्या सासूपासनं हितंच हाय ती तार.” हे उत्तर मला घरोघर मिळालं. इतकी वर्षं काही झालं नाही, म्हणून पुढंही होणार नाही. वायरीचं प्लास्टिक मात्र त्या वर्षांतच झिजत असतं.

आता शहरातले वाचक म्हणतील, हे खेड्यातलं झालं. आमच्या फ्लॅटमध्ये एमसीबी आहेत, काही झालं की आपोआप ट्रिप होतात. साहेब, एमसीबी तुमच्यासाठी नसतो, तो वायरीसाठी असतो. १६ अँपिअरचा एमसीबी १६ अँपिअरच्या बराच वर प्रवाह गेला तरच पडणार. १६ अँपिअर म्हणजे १६ हजार मिलिअँपिअर. माणसाचे स्नायू दहा-पंधरा मिलिअँपिअरला आखडायला लागतात, धरलेली वस्तू सुटत नाही. ३० च्या पुढं धोका सुरू होतो, शंभराच्या आसपास हृदयाची लय बिघडते. घरातला ९ वॉटचा एलईडी बल्ब साधारण ४० मिलिअँपिअर घेतो. एका बल्बाएवढा करंट छातीतून जात राहिला तरी जीव जाऊ शकतो, आणि एमसीबीला त्याची खबरही लागत नाही. जेवढी वीज गेली तेवढी परत येते का हे मोजणारं यंत्र वेगळं, आरसीसीबी. आमचे जुने मिस्त्री त्याला ईएलसीबीच म्हणतात. घराला ३० मिलिअँपिअरचा बसवायचा. त्यावर एक टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं. पडला नाही तर यंत्र खराब आहे. बसवून घेतलेली घरं हल्ली बरीच आहेत. ते बटण आजवर एकदा तरी दाबलंय अशी किती, हे आपलं आपण बघावं.

फ्रिजचं तर काय सांगू. फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात, अशी तक्रार घेऊन बोलावणारे फार थोडे. बाकीचे फ्रिजपुढं प्लास्टिकची चटई टाकतात आणि पाहुण्यांना सांगतात, “चटईवर उभं राहून उघडा हं.” मुंग्या येतात याचा अर्थ फ्रिजच्या बॉडीवर करंट उतरलाय आणि त्याला जमिनीत न्यायला अर्थिंग जागेवर नाही. कधी अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात ठणठणीत वाळलेला असतो. कोळसा-मिठाचा खड्डा असेल तर त्यात बादलीभर पाणी ओतलं तरी फरक पडतो. कधी तीन पिनांतली वरची पिनच कुणीतरी कापलेली असते, कारण जुन्या टू-पिन बोर्डात ती मावत नव्हती. ती वरची पिन जाड आणि इतर दोघींपेक्षा लांब का केली आहे, याचा विचार करून बघा. खोचताना ती सगळ्यात आधी लागते आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटते. म्हणजे यंत्रात वीज असेल तेवढा वेळ अर्थिंग हजर. ज्यानं हे केलं त्यानं अक्कल वापरून ठेवली होती. आपण ती पकडीनं कापून टाकतो.

बादलीत हीटरचा रॉड सोडून, तो चालू असतानाच पाणी तापलंय का बघायला हात घालणारे, विदर्भात चालू कूलरमध्ये पाणी भरणारे, गणपतीत मांडवाच्या लोखंडी पाइपाला उघडे जोड असलेल्या लाइटच्या माळा गुंडाळणारे, यांच्यावर वेगळं लिहीत नाही. कारण सगळीकडं एकच.

पण शेतातल्या ऑटोस्विचवर लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण तिथं प्रत्येक जण एकेकटा शहाणा असतो आणि सगळे मिळून डीपी, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, जाळतात.

ज्यांना शेती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पंपाला थ्री फेज वीज चक्राकार पद्धतीनं मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. लाइट आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून शेतकरी स्टार्टरला ऑटोस्विच लावतो. लावणाऱ्याला मी दोष देणार नाही. रात्री उसात जाऊन स्टार्टरचं बटण दाबायचं म्हणजे साप-विंचवाची भीती, बिबट्या आमच्या भागात हल्ली दिसतोच, आणि चिखलात उभं राहून ओल्या हातानं पेटी उघडायची हाही धोकाच. तेव्हा घरात झोपून मोटर चालू होत असेल तर कोण जाईल? एका माणसाच्या बाजूनं बघितलं तर हे शहाणपणच आहे.

आता डीपीच्या बाजूनं बघा. १०० केव्हीएच्या डीपीची ताकद एका फेजला साधारण १४० अँपिअर. पाच एचपीची मोटर चालताना सातेक अँपिअर घेते, म्हणजे वीस मोटरी बसतात. पण मोटर उठताना पाच-सहा पट करंट ओढते. वीस मोटरी एकाच सेकंदाला उठल्या तर सातशे-आठशे अँपिअरचा हिसका. व्होल्टेज बसतं. व्होल्टेज बसलं की मोटरी लवकर वेग घेत नाहीत, मग तो जास्तीचा करंट आणखी वेळ वाहत राहतो. फ्यूज उडतात. फ्यूज उडतात म्हणून कुणीतरी किटकॅटमध्ये, म्हणजे ज्यात फ्यूजची तार बसते त्या काढता येणाऱ्या खोबणीत, जाड तार टाकतो. त्यानंतर उडायला डीपीच उरते. ती जळाली की नवी बसेपर्यंत वीसही जणांचा ऊस वाळतो, ज्यानं ऑटोस्विच लावला नव्हता त्याचा पण.

ऑटोस्विच काढा आणि मोटरीला कपॅसिटर बसवा, असं कंपनी सांगत आली आहे. लोक ऐकत नाहीत, कारण आपण एकट्यानं काढला तर आपलीच मोटर शेवटी सुरू होणार. आमच्या शेजारच्या वाडीवर मात्र एका डीपीवरच्या लोकांनी बसून ठरवलं होतं. ज्यांच्या ऑटोला टायमर होता त्यांनी कुणी एक मिनिट, कुणी तीन, कुणी पाच असं लावून घेतलं आणि ज्याच्या त्याच्या वेळेचा कागद डीपीच्या पेटीत आतून चिकटवला. ज्यांच्याकडं टायमर नव्हता त्यांनी हातानं चालू करायचं कबूल केलं. कागद पहिल्या पावसात भिजला, पण तोवर वेळा पाठ झाल्या होत्या. ही कल्पना मी दिली नव्हती, त्यांचीच होती. कुणी हुशारीनं भाषण ठोकलं असंही नाही. लागोपाठ डीपी जळाल्यावर वैताग आला आणि वैतागातून अक्कल आली.

अनेकांनी एकाच क्षणी बटण दाबलं की काय होतं हे देशानं एकदा मोठ्या प्रमाणावर बघितलं आहे. कोरोनाच्या टाळेबंदीत पंतप्रधानांच्या आवाहनावरून ५ एप्रिल २०२० ला रात्री ९ वाजता ९ मिनिटं घरातले दिवे बंद करायचे होते. बंद फक्त दिवे करा, फ्रिज-पंखे चालू ठेवा, असं वीज खात्याचे लोक परोपरीनं सांगत होते. तरी देशाची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॉटनी खाली आली, म्हणजे धरलेल्या अंदाजाच्या दुपटीहून जास्त. नुसत्या दिव्यांनी एवढी घसरत नाही; पुष्कळांनी मेनच खाली केला असणार. ग्रीड, म्हणजे देशभरचं विजेचं जाळं, टिकलं, कारण ते चालवणाऱ्यांनी जलविद्युत केंद्रांची वीज झपाट्यानं कमी-जास्त करण्याची तयारी आधीच करून ठेवली होती. घरी बसलेल्या कुणालाही वाटलं नसेल की आपल्या एका स्विचचा कोयनेशी किंवा भाक्राशी काही संबंध आहे.

आमच्या धंद्यात स्वतःच्या अकलेवर विसंबायची परवानगी नसते, हेही सांगितलं पाहिजे. लाइन बंद आहे असं उपकेंद्रातून सांगितलं तरी ती बंद धरायची नाही. परमिट घ्यायचं, तपासायचं, तारेतली उरलीसुरली वीज जमिनीत उतरवणारा डिस्चार्ज रॉड लावायचा, दोन्ही बाजूंनी अर्थ करायची आणि मगच हात घालायचा. नव्या पोरांना हे नखरे वाटतात. पण बंद लाइनवर उलट्या बाजूनं करंट येऊ शकतो. लाइट गेली म्हणून एखादा दुकानदार जनरेटर चालू करतो आणि मेन न पाडता तो घरच्या वायरिंगला जोडतो. त्याची वीज सर्व्हिस वायरीतून उलटी डीपीत जाते. डीपी काही एकाच दिशेनं चालत नाही. खालचं ४०० व्होल्ट वर चढून ११ हजार होतं. खांबावरच्या माणसाला खाली कुठं जनरेटर चालू आहे हे कळायला मार्ग नसतो. दुकानदारानं ‘ही वीज जाते कुठं?’ एवढं विचारलं असतं तर एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांतलं एकच जोडणारा चेंजओव्हर स्विच बसवला असता.

गुरुजींना आणखी एक सांगायचं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या नदीकाठची गावंच्या गावं छावण्यांत होती. पाणी ओसरल्यावर लोक परतले, तेव्हा घराघरांतले बोर्ड गाळानं भरलेले. वायरिंग वाळवून, मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून तपासल्याशिवाय मेन चालू करू नका, म्हणून आम्ही गल्लोगल्ली ओरडत फिरत होतो. तरी “बघू तरी, येतीय का लाइट” म्हणणारे निघायचेच, त्यात पदवीधर होते. पलूस तालुक्यातल्या एका गावात मात्र एका घराच्या मेनमध्ये किटकॅटच सापडेनात. शोधाशोध चालली होती. तेवढ्यात घरची म्हातारी छावणीतून आली आणि तिनं कनवटीच्या पिशवीतून दोन्ही किटकॅट काढून माझ्या हातावर ठेवले. पाणी उंबऱ्याला लागल्यावर, होडीत बसण्याआधी तिनं ते काढून घेतले होते. का, म्हणून विचारलं. “आमचं थोरलं लई उतावळं हाय. माझ्या आधी येऊन लाइट लावायचं.” म्हातारीला सही येत नव्हती. थोरलं तिथंच उभं होतं, ते काही बोललं नाही.

कंपनीची जबाबदारी मी झाकत नाही. लोंबलेल्या तारा ओढून घेणं, वाकलेले खांब सरळ करणं, उघड्या डीपीला दार लावणं ही कामं वीज पुरवणाऱ्याचीच आहेत, आणि ती झाली नाहीत तर १९१२ वर तक्रार करून तिचा नंबर लिहून ठेवावा. रस्त्यात तार तुटून पडलेली दिसली तर जवळ जाऊ नये, दुसऱ्यालाही जाऊ देऊ नये आणि ह्याच नंबरवर कळवावं. पण मीटरच्या पुढची वायर आपली. परसातली तार तर पूर्णच आपली.

संपादक महाशय, तुमच्याकडंही एक मागणं आहे. अशी बातमी येते तेव्हा ‘विजेचा धक्का लागून मृत्यू’ एवढ्यावर ती संपते. तारेत करंट कशानं उतरला, हे तुमच्या वार्ताहरानं गावच्या वायरमनला किंवा विद्युत निरीक्षकाच्या माणसाला विचारून एका वाक्यात छापावं. बल्बची वायर तारेला बांधली होती, की सर्व्हिस वायर पत्र्याला घासली होती, की गिझरला अर्थिंग नव्हतं. वाचणारा उठून आपलं परस बघून येईल. नुसतं मृत्यू म्हटलं की तो नशिबाच्या खात्यात टाकतो. आणि मृगाच्या आधी, मे अखेरीला, पहिल्या पानावर तळाला दोन ओळींची चौकट टाका: कपड्यांची लोखंडी तार काढा, नायलॉनची दोरी बांधा. जागेचे पैसे लागत असतील तर आम्ही काही निवृत्त वायरमन मिळून भरू.

एक राहिलं. काढलेली तार अखंड ठेवू नका. पकडीनं हात-हातभर तुकडे करून मगच भंगारात द्या. चांगली लांब तार पडलेली दिसली की कुणीतरी मागून नेतो आणि आपल्या परसात बांधतो. आमच्या आळीत तसंच झालं आहे, आणि नेणारे गृहस्थ अजून ती परत द्यायला तयार नाहीत.

आपला नम्र,
एक निवृत्त वायरमन
ता. पलूस, जि. सांगली